ट्रोलिंगसाठी बोटीला दुसरं छोटं मशीन बसवताना: फळी, शाफ्ट, पेट्रोल आणि पंखा

बोटीला ११५ किंवा १५० घोड्यांचं ओबीएम, म्हणजे मागे बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड मशीन असलं की अलिबागजवळचं खांदेरी बेट गाठायला वेळ लागत नाही. अडचण तिथे पोचल्यावर, ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी करताना सुरू होते. सुरमईसाठी खोल बुडणारं प्लास्टिकचं आमिष ४ ते ६ नॉटने ओढायचं असतं. जिवंत किंवा मेलेलं आमिष ओढायचं तर दीड ते तीन नॉट पुरे. मोठं मशीन गिअरमध्ये टाकून नुसतं सोडलं तरी बोट तीन-चार नॉटने पळते, त्याखाली येत नाही. मग गिअर काढ, गिअर टाक, असा दिवस जातो. टू-स्ट्रोक असेल तर प्लग काळे पडतात. फोर-स्ट्रोक असेल तर महागड्या मशीनचे तास फुकट वाढतात. म्हणून मागच्या कोपऱ्यात ६ ते १० घोड्यांचं छोटं मशीन लावतात. मोठं बंद पडलं तर घरी यायलाही तेच उपयोगी पडतं.

इथे १८ ते २४ फुटी फायबरच्या, एक ओबीएम असलेल्या बोटीचा विचार केला आहे. आत डिझेल इंजिन आणि मागे सुकाणू असलेल्या लाकडी होडीचं काम त्याहून सोपं असतं, कारण सुकाणू आधीच आहे आणि छोट्या मशीनने नुसतं ढकलायचं असतं. पण फळी (बोटीची मागची उभी भिंत), शाफ्ट (मशीनचा पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा पाय) आणि पेट्रोलबद्दलचं सगळं तिलाही लागू आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. छोटं मशीन चालू असताना बोटीला फार ताण देत नाही. खरा ताण ते वर उचलून बंद ठेवलेलं असताना, मोठ्या मशीनवर २० नॉटने लाटांवर आपटत जाताना येतो. ४५ किलोचं मशीन ब्रॅकेटवर, म्हणजे ते टांगायच्या वर-खाली होणाऱ्या चौकटीवर, फळीपासून ३० सेंटिमीटर मागे लटकत असतं. लाटेवर आपटताना त्याचं वजन तिप्पट धरा, म्हणजे १३५ किलो. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर असतील, तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून सुमारे २०० किलोची ओढ येते, तीही दर लाटेला. १० मिलीमीटरचा स्टीलचा बोल्ट एवढं सहज सोसतो. फळी सोसत नाही. म्हणून खर्च आणि वेळ आधी फळीवर घालावा, मशीनचा विचार नंतर.

किती घोडे, कोणतं मशीन

छोट्या मशीनवर बोट पाण्यावर चढून पळत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. पाण्यातली लांबी २० फूट असेल तर बोट साधारण ६ नॉटपर्यंत मजेत जाते. त्यापुढे घोडे वाढवले तरी मागे लाट वाढते, वेग वाढत नाही. १८ ते २० फुटी हलक्या बोटीला ६ ते ८ घोडे पुरतात. २२ ते २४ फुटी, बर्फ आणि चार माणसं घेऊन जाणाऱ्या बोटीला ९.९ घ्यावं. वारा आणि ओहोटी समोरून आली की ६ घोडे केविलवाणे होतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं आणि बंदराच्या तोंडाशी पाण्याला दोन-तीन नॉटचा ओढ असतो.

घोड्यांपेक्षा गिअर महत्त्वाचा. साध्या ९.९ मशीनचा गिअर २.०८:१ च्या आसपास असतो. यामाहाच्या हाय-थ्रस्ट ९.९ ला तो २.९२:१ आहे, म्हणजे पंखा (प्रोपेलर) हळू फिरतो, मोठा असतो आणि जड बोट ढकलतो. दोन्हींच्या किमतीत फार फरक नसेल तर हाय-थ्रस्टच घ्या. वजन पाच-सात किलो जास्त पडेल.

टू-स्ट्रोक हलकं असतं. यामाहाचं ८ घोड्यांचं एन्ड्युरो जेमतेम २७ किलोचं, दुरुस्तीही कोणत्याही कोळीवाड्यात होते. पण दिवसभर स्लोवर चालवलं की धूर, वास आणि काळे प्लग आलेच. ट्रोलिंगसाठी फोर-स्ट्रोकच बरं. रॉकेलवर चालणारं मशीन या कामाला घेऊच नये. ते पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेलवर नेतात आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. तासन्‌तास स्लोवर चाललं की सिलिंडर थंड राहतो, रॉकेल पुरतं जळत नाही आणि कार्बन साचतो. रॉकेलचं मशीन हाताशी आहे म्हणून तेच लावलं, असं पुष्कळदा होतं. दोन महिन्यांत पिस्टनची रिंग चिकटते.

शाफ्टची लांबी

बाजारात १५, २० आणि २५ इंची शाफ्ट मिळतो. मोठ्या मशीनला २५ इंची आहे म्हणून छोट्यालाही तोच, असं गणित नसतं, कारण छोटं मशीन मध्यावर बसत नाही. तळ व्ही आकाराचा असतो. तळाचा उतार १८ अंश असेल आणि छोटं मशीन मध्यापासून ६० सेंटिमीटर बाजूला असेल, तर तिथला तळ मध्यापेक्षा जवळजवळ २० सेंटिमीटर वर असतो. तळाला धरून मोजलं तर १५ इंची शाफ्टही पुरेसा वाटतो. पण पंख्याला तळाशी देणंघेणं नाही, पाण्याच्या पातळीशी आहे.

म्हणून मोजमाप पाण्यात करा. बोट धक्क्याला लावा, टाकी भरा, बर्फाची पेटी जागेवर ठेवा आणि दोन माणसांना नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे उभं करा. मासा लागला की माणसं इकडेतिकडे धावतात आणि मागची बाजू उचलली जाते, म्हणून हे. आता जिथे ब्रॅकेट येणार तिथे पाण्याची रेघ मार्करने ओढा. पंख्यावरच्या आडव्या प्लेटला मिस्त्री कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. मशीन खाली सोडल्यावर ती या रेघेच्या किमान १० सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे, आणि तिथल्या तळाच्या पातळीपेक्षा एक-दोन इंच खालीही. दोन्ही अटी पुऱ्या होतील अशी ब्रॅकेटची उंची आणि शाफ्ट निवडा. समुद्रात जाणाऱ्या बोटीला बहुधा २० किंवा २५ इंचीच लागतो. शंका असेल तर लांब घ्या. लांब शाफ्टने पाण्याचा विरोध थोडा वाढतो, एवढंच. आखूड शाफ्ट प्रत्येक डोलण्याला हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि आमिष पाण्यात मरतं.

फळीची तपासणी

इथे बांधलेल्या बहुतेक फायबरच्या बोटींची मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, आतून प्लायची किंवा लाकडाची असते आणि वरून फायबर चढवलेलं असतं. पाणी शिरतं ते जुन्या स्क्रूंच्या भोकांतून, फिश फाइंडरच्या सेन्सरच्या पट्टीतून आणि पाणी काढायच्या बुचाच्या कडेतून. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं.

हातोडीच्या दांड्याने फळीभर ठोकत जा. सुक्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी ढब्ब. मग मोठं मशीन अर्धं वर उचलून एकाने त्यावर वजन टाकायचं आणि दुसऱ्याने फळीवर आडवी पट्टी धरून बघायचं. दोन-तीन मिलीमीटर हलताना दिसली तर ब्रॅकेटचं काम तिथेच थांबवा. शेवटची परीक्षा आतून. ब्रॅकेटच्या खालच्या बोल्टाच्या जागी ५ मिलीमीटरचं ड्रिल फक्त लाकडात शिरेल एवढं मारा. भुसा फिकट आणि कोरडा पडला तर ठीक. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर फळीच बदलायची आहे. त्यावर जाड प्लेट लावून काम भागवू नका, प्लेट कुजक्या लाकडासकट हलेल.

कामाचा मुहूर्तही बघा. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि सगळे कामं तेव्हाच काढतात. पण फायबरचं आणि एपॉक्सीचं काम मुंबईच्या पावसात करणं वाईट. हवेतल्या दमटपणाने एपॉक्सीवर तेलकट थर येतो, ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. भोकं आणि भरणी मेमध्ये उरका, पावसाळ्यात वायरिंग आणि पेट्रोलच्या नळ्या करा, म्हणजे नारळी पौर्णिमेला बोट तयार असते.

जागा कोणती

चाक उजवीकडे असेल तर छोटं मशीन डावीकडे लावावं, वजनाचा तोल राहतो. पण जागा ठरवते ती मोठ्या मशीनची हालचाल. ब्रॅकेट हाताने जागेवर धरून (मशीन चढवायच्या आधी, पुठ्ठ्याचा नमुना कापून) मोठं मशीन पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, खाली असताना आणि पूर्ण वर असतानाही. त्याचं टोपण छोट्याच्या टोपणापासून किमान ५ सेंटिमीटर लांब राहिलं पाहिजे. अडचण बहुधा एकाच स्थितीत येते: मोठं वर, पूर्ण वळलेलं, आणि छोटं खाली. वर्सोवा किंवा मनोरीच्या खाडीत ओहोटीला बोट चिखलात बसते, तेव्हा दोन्ही मशीनं वर असणार, तीही स्थिती तपासा.

फिश फाइंडरचा सेन्सर त्याच बाजूला असेल तर दुसरीकडे न्या. छोट्या पंख्याच्या बुडबुड्यांत त्याला तळ दिसत नाही. मशीन बसल्यावर ४५-५० किलो एका कोपऱ्यात आलेलं असतं. बॅटरी किंवा बर्फाची पेटी विरुद्ध बाजूला आणि पुढे सरकवा, नाहीतर बोट कायम कलती राहते आणि डेकवरचं पाणी काढायची भोकं पाण्याखाली जातात.

सामान

ब्रॅकेट फोर-स्ट्रोकसाठीचं, स्प्रिंगवर उचलणारं घ्या. त्यावर घोडे आणि वजन या दोन्ही मर्यादा छापलेल्या असतात. वजनाची मर्यादा जास्त महत्त्वाची, मशीनच्या वजनापेक्षा निदान १० किलो वर हवी. टू-स्ट्रोकच्या काळातली ब्रॅकेटं स्वस्तात मिळतात, पण त्यांची स्प्रिंग ५० किलो उचलत नाही आणि चालत्या बोटीत ते मशीन एका माणसाला वर घेता येत नाही.

चार बोल्ट, १० मिलीमीटरचे. लांबी मोजून घ्या: फळी ५० मिलीमीटर, ब्रॅकेटची पट्टी ८, आतली प्लेट ६, वॉशर ३, नट १० आणि वर दोन आटे. म्हणजे निदान ८० मिलीमीटरचा बोल्ट, ९० चा घेतला तर थोडं शिल्लक राहतं. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात हवं ते मिळतं, फक्त बोल्टाच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचा. ए४-७० असेल तर ३१६ स्टील, समुद्रासाठी योग्य. ए२ असेल तर ३०४, त्याला खाऱ्या पाण्यात तांबूस डाग आणि खड्डे पडतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण त्याने ३०४ आणि ३१६ ओळखू येत नाहीत, दोन्ही जवळजवळ सारखीच वागतात. डोक्यावर काहीच छापलेलं नसेल तर बोल्ट परत ठेवा.

शिवाय ३० मिलीमीटर व्यासाचे जाड वॉशर, नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे) नट आणि आतून लावायला ६ मिलीमीटरची ॲल्युमिनियम प्लेट. ही प्लेट बोल्टांच्या बाहेर सगळीकडे ५ सेंटिमीटर जास्त हवी आणि कोपरे गोल केलेले हवेत. सीलंट पॉलियुरेथेनचं, सिकाफ्लेक्स २९१ सारखं. घरातलं बाथरूमचं सिलिकॉन चालणार नाही, आणि ३एमच्या ५२०० सारखं कायमचं चिकटणारंही नको, कारण ब्रॅकेट कधीतरी काढावं लागतंच.

भोकं मारणं

इथे घाई करू नका. फळी कुजण्याची सुरुवात या चार भोकांतूनच होते.

नमुना चिकटपट्टीने लावून चारही जागा खुणेने ठोका. वरची दोन भोकं फळीच्या वरच्या कडेपासून किमान ५ सेंटिमीटर खाली हवीत. खालची दोन पाण्याच्या रेघेच्या वर राहतील असं बघा. तसं जमत नसेल तर ब्रॅकेट थोडं वर घेऊन शाफ्ट लांबचा घ्या. बाहेरच्या बाजूला मास्किंग टेप लावा आणि ड्रिल आधी उलटं फिरवून वरचा गुळगुळीत जेलकोट खरवडा, म्हणजे तो तडकत नाही. मग ४ मिलीमीटरने आरपार आणि त्यावरून १५ मिलीमीटरने, पण आतल्या फायबरच्या थरापर्यंतच. भोकातला भुसा काढा, कडेचं लाकूड सुकं आहे का ते बोटाने चाचपा. ओलसर वाटलं तर दोन दिवस हेअर ड्रायर आणि ऊन.

आता एपॉक्सी. बोटी बांधणारे वापरतात ते साधं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला तितकं धरत नाही, ते नको. आधी पातळ एपॉक्सी ब्रशने भोकाच्या भिंतींना लावा, लाकूड ते पिऊन घेईल. मग त्यातच एरोसिल पावडर घालून श्रीखंडासारखं घट्ट करा आणि भोक ठासून भरा. मागून टेप लावलेली असू द्या. २४ तास सुकू द्या. आता त्याच्या मधोमध १०.५ मिलीमीटरचं भोक मारा. बोल्ट आता एपॉक्सीच्या नळीतून जातो, लाकडाला तो लागतच नाही. उद्या सीलंट सुटलं तरी पाणी लाकडात शिरत नाही. हे काम मिस्त्री बहुधा टाळतात, कारण त्यात एक दिवस जातो. समोर उभं राहून करून घ्या. बाहेरच्या भोकाची कड किंचित उतरती करा, तिथे सीलंटचं कडं तयार होतं.

बोल्ट बाहेरून आत घाला, डोक्याखाली आणि ब्रॅकेटच्या मागे भरपूर सीलंट. आतून प्लेट, तिच्या पाठीलाही सीलंट, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात थेट टेकले की ॲल्युमिनियम खातं. नट हाताने घट्ट होईतो आवळा, सीलंट कडेने बाहेर आलं की थांबा. सगळं पिळून काढलं तर आत काही उरतच नाही. दुसऱ्या दिवशी ते रबरासारखं झालं की नट पाव ते अर्धा फेरा आणखी. फिरवायचं ते नटालाच, बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं, नाहीतर सीलंटचं कडं फाटतं. आट्यांना आधी ग्रीस लावा आणि पान्याने सावकाश आवळा. स्टीलचे बोल्ट इम्पॅक्ट गनने आवळले की आटे तापून एकमेकांत जाम होतात, मग कापण्यावाचून इलाज नाही.

मशीन टांगताना

ब्रॅकेटच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यावर मशीन मधोमध बसवा. दोन क्लॅम्पचे स्क्रू हाताने पक्के करा, पण त्यांच्यावर विसंबू नका, कंपनाने ते सुटतातच. मशीनच्या पट्टीत बोल्टासाठी भोकं असतात, त्यातून ८ मिलीमीटरचे बोल्ट ठोकळ्यात आरपार घाला. शिवाय मशीनच्या पट्टीपासून बोटीच्या कड्यापर्यंत ६ मिलीमीटरची स्टीलची दोरी बांधा, ब्रॅकेटला नाही. ब्रॅकेट तुटलं तर मशीन दोरीवर लटकलेलं राहिलं पाहिजे. धक्क्यावर रात्री चोऱ्याही होतात, क्लॅम्पला कुलूप लावा. पहिल्या तासाभरानंतर सगळे नट पुन्हा तपासा.

वर उचललेलं मशीन पळत्या बोटीत डुलतं. त्याचा पाय बोटीच्या कड्याला बंजीच्या किंवा जाड रबरी पट्ट्याने ओढून बांधा. वरच्या ताणाच्या हिशेबात सर्वात जास्त फायदा याच स्वस्त पट्ट्याने होतो.

पेट्रोल

मोठ्या टाकीतूनच टी काढून छोट्याला पेट्रोल द्यायचं, असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. एक मशीन चालू असताना दुसऱ्याच्या नळीतून हवा ओढली जाते आणि दोन्ही अडखळतात. टाकीत दोन वेगळ्या उचल-नळ्या असतील आणि दोन वेगळे फिल्टर असतील तर चालेल. तरीही आमचं मत वेगळ्या टाकीचंच आहे. मोठं मशीन बंद पडायचं एक मोठं कारण टाकीतलं पाणी. त्याच टाकीवर छोटं चालत असेल तर तेही बंद पडणार, आणि मग ते लावलंच कशाला? मोठं टू-स्ट्रोक आणि तेल मिसळलेलं पेट्रोल असेल तर प्रश्नच मिटला, फोर-स्ट्रोकला ते चालत नाही.

टाकी १२ लिटरची की २४ ची? स्लोवर ९.९ फोर-स्ट्रोक तासाला साधारण एक ते दीड लिटर पितं, म्हणजे ट्रोलिंगला १२ लिटर भरपूर. पण हिशेब घरी येण्याचा करा. खांदेरीहून ससून डॉक साधारण १२ नॉटिकल मैल. पूर्ण थ्रॉटलवर ५ नॉट आणि तासाला ४ लिटर धरले तर स्थिर पाण्यात अडीच तास आणि १० लिटर. समोरून दोन नॉटचा ओढ आला की बोट जमिनीवरून तीनच नॉट जाते. चार तास, १६ लिटर. म्हणून २४ ची.

नळी ८ मिलीमीटरची घ्या, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. प्रायमरच्या, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल चढवायच्या रबरी फुग्यावरचा बाण मशीनकडे हवा, फुगा शक्यतो उभा धरा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहतो, आणि वीस मिनिटांनी मशीन गुदमरतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी तो बघा. पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. यावर उपाय साधा: महिनाभरापेक्षा जुनं पेट्रोल ठेवू नका, फिल्टरच्या काचेतलं पाणी दर फेरीला काढा, आणि घरी आल्यावर नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू द्या.

बॅटरीबद्दल थोडक्यात. सेल्फ स्टार्ट असला तरी दोरीने सुरू होणारंच मशीन घ्या. मोठ्याची बॅटरी उतरली तर तेव्हाच छोटं लागणार आहे. स्वतंत्र बॅटरी जमली तर उत्तम. बॅटरीचा मुख्य स्विच मशीन चालू असताना बंद करू नका, चार्जिंगचे डायोड जळतात.

वळवायचं कसं

तीन पद्धती आहेत. हँडल हातात धरून मागे बसणं सर्वात स्वस्त, पण एक माणूस अडकतो. दुसरी, छोट्याला सरळ घट्ट करून मोठं मशीन खाली सोडायचं आणि चाक फिरवायचं. मोठ्याचा पाय सुकाणूचं काम करतो. पाण्याचा विरोध थोडा वाढतो, पण बोट सरळ जाते आणि यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. आधी ही करून बघा. डाव्या कोपऱ्यातलं मशीन नाळ उजवीकडे ढकलतं, म्हणून चाक किंचित डावीकडे धरावं लागतं. तेवढं त्रासदायक वाटलं तर छोट्याचं तोंड दोन-तीन अंश वळवून मगच घट्ट करा.

तिसरी पद्धत दोन्ही मशीनं जोडणाऱ्या दांड्याची. दोन्ही मशीनं सरळ ठेवून दांड्याची लांबी जुळवायची, टोकांना झटकन सुटणारे सांधे हवेत. छोटं वर घ्यायच्या आधी दांडा काढायचा, हे विसरलात तर दांडा वाकतो किंवा ब्रॅकेट. मोठ्याला हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर दांडा जोडलेला असताना हँडलने वळत नाही, ते तसंच असतं.

पहिली चाचणी

प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्त आरपीएम मीटर लावा. सुरक्षित पाण्यात, पूर्ण माणसं आणि बर्फासकट, थ्रॉटल पूर्ण द्या. बहुतेक फोर-स्ट्रोक ५००० ते ६००० मध्ये गेले पाहिजेत, नेमका पट्टा पुस्तिकेत असतो. ४५०० वर अडकलं तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे सरकायला हवा ते माप) जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण २०० आरपीएम वाढतात. छोट्या बोटींसाठी पिच ९-१० असलेला पंखा मशीनसोबत येतो, जड बोटीला तो बदलून ६-७ चा घ्यावा लागतो. ट्रोलिंगला याने दुहेरी फायदा: त्याच आरपीएमला वेग कमी मिळतो आणि थ्रॉटल बारीक फिरवता येतो.

पाण्याची धार बघा. स्लोवरही ती सलग पडली पाहिजे. माहीम किंवा वर्सोव्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी शोषली गेली की धार थांबते, मशीन तापतं. रिव्हर्स टाकण्याआधी मशीनचा लॉक लागलाय का बघा, नाहीतर ते उसळून वर येतं. किल स्विचची (ओढली की मशीन बंद करणारी) दोरी मनगटाला.

ओढताना

जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो. आमिषाला पाण्यातला वेग लागतो. स्क्रीनवर ४ नॉट आणि मागून दोन नॉटचा ओढ असेल तर आमिष दोनच नॉटने चालतंय, नुसतं लोंबकळत. समोरून ओढ असेल तर तेच आमिष सहा नॉटने, कदाचित पाण्याबाहेर उड्या मारत. एकाच आकड्यावर जाऊन-येऊन एका बाजूला मासा लागतो, दुसऱ्या बाजूला नाही, त्याचं कारण बहुधा हेच. गळकाठीचं टोक बघा. बुडणारं आमिष नीट चालत असेल तर टोक एकसारखं थरथरतं. थरथर थांबली तर वेग कमी आहे किंवा कचरा अडकलाय.

छोट्या मशीनच्या बाजूची दोरी लांब आणि बाहेरच्या कोनात सोडा. मासा लागला की मशीन लगेच बंद करू नका, दोरी सैल पडेल. बोट स्लोवर पुढे जाऊ द्या, बाकीच्या दोऱ्या गुंडाळा, मग न्यूट्रल. मासा मशीनच्या विरुद्ध बाजूने वर घ्या. डोलीच्या (खुंटांना बांधलेल्या जाळ्यांच्या) खुंटांजवळून आणि बोयांच्या रांगेवरून ओढू नका. कोणाची जाळी फाटली की भांडण होतं, आणि तेही रास्तच.

नंतरची देखभाल

दिवसभर स्लोवर चालणारं फोर-स्ट्रोक पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. काडीला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का ते तपासा. दर तासाला पाच मिनिटं तीन चतुर्थांश थ्रॉटल दिला की हा त्रास बराच कमी होतो. नव्या मशीनचं इंजिन आणि गिअर ऑइल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी.

दर फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुवा. आपल्याकडच्या गढूळ पाण्याने पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र लवकर झिजतं, ते दरवर्षी बदला. मशीनऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा ठोकळा अर्धा खाल्ला गेला की नवा.

आणि पंखा काढून बघायचा, महिन्यातून एकदा तरी. नायलॉनची दोरी पंख्यामागे गुंडाळली जाते, बाहेरून दिसत नाही, आणि हळूहळू गिअरबॉक्सचं सील कापते. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ दिसले तर पाणी आत गेलंय. तसंच चालवलं तर गिअर संपतात, सील बदललं तर थोडक्यात भागतं.

कागदाचं काम राहिलं. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर आणि घोडे असतात. दुसरं मशीन बसवलं की बिलासह तेही मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदवून घ्या. बंदीच्या दोन महिन्यांत मशीन ब्रॅकेटवर ठेवू नका, काढून घरी उभं ठेवा. ते उतरवल्यावर मोकळं ब्रॅकेट हाताने जोरात हलवून बघा: बोल्टाभोवती सीलंटमध्ये बारीक फट दिसली, तर चारही बोल्ट काढून तिथलं काम नव्याने करायचं.